गावाने ठरवले म्हणजे झाले काय?

‘साहेब, गावानंच ठरवलंय.’ बहिष्काराच्या प्रकरणात हे वाक्य आम्हाला हमखास ऐकवले जाते. आणि तेही अशा थाटात, की जणू लोकशाहीच बोलते आहे! किराणा द्यायचा नाही, दळण घ्यायचे नाही, मजुरीला बोलवायचे नाही. हात वर झाले, बहुमत झाले. मग अन्याय कुठे झाला?

अन्याय मोजणीत नाही, मोजायला घेतलेल्या विषयात आहे. बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत फरक केला होता. राजकीय बहुमत घडते आणि मोडते. आज हरलेला पाच वर्षांनी जिंकू शकतो. जातीचे बहुमत मात्र जन्मानेच ठरलेले. तिथे वस्तीतला माणूस आयुष्यभर हरतो आणि त्याची पोरेही हरतात. याला लोकशाही म्हणायला आम्ही तयार नाही.

ज्याची भाकरी दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून, त्याला नुसता मताचा हक्क पुरत नाही. म्हणूनच सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत केली आणि १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पुन्हा मांडली. संविधानाच्या कलम १३ ने मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदाच रद्दबातल ठरवला. संसदेच्या बहुमताला जी मर्यादा, ती चावडीला नाही काय?

मुंबई राज्याने १९४९ साली जातीबाहेर टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राचा बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली झाला, २०१७ साली लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूचित जाती-जमातींवरचा बहिष्कार २०१६ पासून अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही स्वतंत्र गुन्हा आहे.

वाचकहो, एक कडू गोष्टही बोलू. बहुमत वस्तीतही असते. पोरीने जातीबाहेर लग्न केले म्हणून भावकीने तिच्या आईबापाला कार्यातून वगळायचे आणि आपणच गावाच्या बहिष्काराविरुद्ध मोर्चा काढायचा, हे कसे चालेल? २०१६ चा कायदा आपल्याच माणसांनी वाळीत टाकलेल्यासाठीही आहे.

ठाण्यात ‘गावातला वाद आहे, मिटवून घ्या’ म्हणतील. मिटवू नका. लेखी फिर्याद द्या, पोच मागा. घेतलीच नाही, तर तीच फिर्याद रजिस्टर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा.