जंगलाची हद्द मोजताना मोबाईलचा निळा ठिपका का पुरत नाही?

मोबाईलवर नकाशा उघडला की आपण कुठे आहोत ते निळा ठिपका सांगतो. पत्ता शोधायला तो पुरेसा आहे. पण जंगलाची हद्द मोजायची असेल तर?

मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचं जीपीएस साधारण ३ ते ५ मीटर चुकतं, दाट झाडीत आणखी जास्त. एक किलोमीटर लांबीची हद्द ५ मीटर आत सरकली, तर अर्धा हेक्टर, म्हणजे जवळपास सव्वा एकर जमीन नकाशातून गायब होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा फरक मोठा आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा हक्काची हद्द शेजारच्या गावाला लागून असते. तिथे चुकलेली रेघ म्हणजे भांडणाला निमंत्रण.

सर्व्हेचा रिसीव्हर वेगळं काय करतो?

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून येणारा सिग्नल वातावरणात थोडा रेंगाळतो. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तरी अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं.

यावर उपाय म्हणजे दोन रिसीव्हर. एक अचूक माहीत असलेल्या जागी ठेवतात, तो 'बेस'. उपग्रहांच्या सिग्नलमध्ये किती चूक आहे हे त्याला कळतं. ही दुरुस्ती तो फिरत्या रिसीव्हरला, म्हणजे 'रोव्हर'ला, त्याच क्षणी पाठवतो. या पद्धतीला 'आरटीके' म्हणतात. मोकळ्या जागी चूक १-२ सेंटिमीटरवर येते.

भारतीय सर्वेक्षण विभागाची अशी कायमस्वरूपी 'कॉर्स' केंद्रंही आहेत; महाराष्ट्रात ती ७७ आहेत. त्यांची दुरुस्ती इंटरनेटवरून मिळते. जंगलात रेंज नसेल तर स्वतःचा बेस लावून रेडिओने दुरुस्ती पाठवतात, किंवा नोंदी घेऊन हिशेब नंतर करतात.

नकाशाशी जोडायचं कसं?

रोव्हर ब्लूटूथने फोन किंवा टॅबला जोडतात. त्यावर क्यूफील्डसारखं मोफत ॲप चालतं. रिसीव्हर साधारण दर सेकंदाला वेळ, अक्षांश, रेखांश आणि उपग्रहांची संख्या पाठवतो आणि ठिपका आपल्यासोबत चालू लागतो.

इथे तीन गोष्टी तपासायच्या:

१. ॲप रोव्हरचंच स्थान घेतंय ना? जोडणी तुटली आणि फोनचंच जीपीएस चालू राहिलं, तरी ठिपका दिसतोच.

२. स्थिती 'फिक्स्ड' आहे का? 'फ्लोट' दिसत असेल तर थांबा. सागाच्या दाट छायेत हे वारंवार होतं.

३. मीटरमधला नकाशा हवा असेल तर यूटीएम झोन ४४ निवडा. मुंबई-पुणे झोन ४३ मध्ये येतात.

आणि यंत्र कितीही अचूक असलं, तरी हद्द कुठली हे ते सांगत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांना पर्याय नाही. कुठल्या नाल्यापर्यंत आपलं जंगल, हे आधी ग्रामसभेतल्या जाणत्यांनी दाखवायचं. रोव्हर घेऊन त्यांच्यामागून चालायचं.