धूम्रपानबंदी : जबाबदारी ओढणाऱ्याची आणि यजमानाचीही

गणेशोत्सवासाठी हिरवळीवर मंडप उभारला आहे. वर छत, तीन बाजूंना कनाती, चौथी बाजू मोकळी. अशा सार्वजनिक मंडपात कोणी सिगारेट पेटवली, तर इंग्लंडमध्ये कायद्याचा भंग होतो का? होतो, आणि त्याचा जाब मंडपाची व्यवस्था पाहणाऱ्यालाही द्यावा लागू शकतो.

ब्रिटनमध्ये ही बंदी प्रथम स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये लागू केली. वेल्स आणि उत्तर आयर्लंडनंतर १ जुलै २००७ रोजी ती इंग्लंडमध्ये आली. कामाची आणि सार्वजनिक वावराची सर्व बंदिस्त ठिकाणे तिच्या कक्षेत येतात. छत असलेल्या जागेच्या भिंतींचा निम्म्याहून कमी भाग कायम मोकळा असेल, तर ती जागा ‘बहुतांशी बंदिस्त’ ठरते. उघडझाप करता येणारी दारे-खिडक्या मोकळ्या भागात धरल्या जात नाहीत. म्हणून ‘खिडकी उघडी होती’ हा बचाव टिकत नाही. एकाहून अधिक कर्मचारी वापरत असलेल्या कार्यालयीन मोटारीलाही सामान्यतः हाच नियम लागू आहे.

दंडाची रचना बोलकी आहे. धूम्रपान करणाऱ्याला न्यायालयात कमाल २०० पौंड दंड होतो. ते न रोखणाऱ्या व्यवस्थापकाला मात्र २,५०० पौंडांपर्यंत. हा फरक समजण्यासाठी कायद्याचा हेतू ध्यानात घ्यावा लागेल. ग्राहक धुरातून उठून जाऊ शकतो. तेथे राबणारा वाढपी किंवा वादक जाऊ शकत नाही. रॉय कॅसल हे लोकप्रिय ब्रिटिश कलावंत स्वतः धूम्रपान करत नसत. तरीही १९९४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. धुराने भरलेल्या क्लबांत वर्षानुवर्षे ट्रम्पेट वाजवल्याने हा रोग जडला, अशी त्यांची धारणा होती.

बंदीचा परिणामही मोजला गेला. पहिल्या वर्षात इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तातडीने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १,२०० रुग्णांनी घटल्याचे संशोधकांना आढळले.

भारतातही २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. तेथील नियमांत मात्र ३० किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा राखण्याची मुभा ठेवण्यात आली. इंग्लंडमधील पब आणि उपाहारगृहांना अशी बंदिस्त खोली ठेवता येत नाही. भारतातून नव्याने आलेल्या पाहुण्याला हा फरक ठाऊक असेलच असे नाही.

म्हणून कार्यक्रमाच्या यजमानांनी प्रवेशद्वाराशी ‘धूम्रपान निषिद्ध’ असा फलक लावावा, ओढणाऱ्यांसाठी छताबाहेरची जागा आधीच दाखवून द्यावी आणि कोणी आत सिगारेट पेटवलीच, तर त्याला नम्रपणे पण तत्काळ बाहेर न्यावे. पाहुण्याला असे सांगताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्वयंपाकघरात आणि वाढपाच्या टेबलाशी दिवसभर उभ्या असलेल्या माणसांना त्या धुरापासून दूर जाण्याची सोय नसते, हे आठवले की तो संकोच गळून पडावा.