उसन्या स्कीचा हिशेब

११ फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या क्रॉसकंट्री स्प्रिंटची उपांत्य फेरी चालू होती. क्रॉसकंट्री स्कीइंग म्हणजे नुसते डोंगरावरून घसरणे नव्हे. सपाटी आणि चढही दोन काठ्या रोवत, स्वत:च्या दमावर पार करावे लागतात.

यजमान रशियाचा अंतोन गाफारोव्ह उतारावर पडला आणि त्याची एक स्की मोडली. उठला, निघाला, पुन्हा पडला. बाकीचे स्पर्धक केव्हाच पुढे गेले होते. मोडकी स्की ओढत तो कसाबसा येऊ लागला. आजूबाजूची माणसे पाहत उभी होती. तेवढ्यात एक गृहस्थ धावत मार्गावर गेले, त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसले, मोडकी स्की काढून हातातली चांगली स्की त्याच्या बुटाला अडकवली. दोघांत शब्दही झाला नाही. गाफारोव्हने शर्यत पुरी केली. अर्थात, सर्वांत शेवटी.

ते गृहस्थ होते कॅनडाच्या संघाचे प्रशिक्षक जस्टिन वॉड्सवर्थ. ती स्की त्यांनी आपल्या खेळाडूसाठी राखून ठेवली होती.

वॉड्सवर्थ मूळचे अमेरिकेचे खेळाडू. १९९४, १९९८ आणि २००२ अशी तीन ऑलिम्पिक त्यांनी केली. पदक एकही नाही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत, चौघांनी प्रत्येकी १० किलोमीटर धावायच्या रिलेत अमेरिकेचा संघ पाचवा आला. तोच मोठा पराक्रम. मागे राहिलेल्याची शर्यत कशी असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

त्याच सॉल्ट लेकमध्ये कॅनडाच्या बेकी स्कॉटला कांस्यपदक मिळाले. तिच्या पुढच्या दोघी रशियन पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात बाद झाल्या आणि हक्काचे सुवर्णपदक तिच्या हाती पडायला २००४ साल उजाडले. या बेकीशी वॉड्सवर्थ यांचे लग्न झाले. म्हणजे रशियन माणसाकडे पाठ फिरवायला कारण घरातच होते.

पण घरात दुसरीही एक आठवण होती. २००६ साली तुरिन ऑलिम्पिकच्या सांघिक स्प्रिंटमध्ये बेकीची जोडीदार सारा रेनर हिची काठी मोडली. नॉर्वेचे प्रशिक्षक ब्यॉर्नार होकेन्स्मोएन यांनी आपली काठी पुढे केली. कॅनडाला रौप्यपदक मिळाले. नॉर्वे चौथा आला. कॅनडातल्या लोकांनी कृतज्ञतेने मेपलच्या पाकाचे हजारो डबे नॉर्वेला पाठवले.

माझी उमर बँकेत गेली. ज्याचे घेतले त्यालाच फेडायचे, हा आमचा नियम. इथे काठी दिली नॉर्वेने आणि स्की मिळाली रशियाला. हा हिशेब कुठल्याही खातेवहीत जुळायचा नाही.

बेकीने मात्र नियमांची बाजू सोडली नाही. २०१८ साली, रशियाला सवलत देण्यावरून, तिने जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या समितीचा राजीनामा दिला. मला यात विसंगती दिसत नाही. लबाडीला क्षमा नको, हे खरे. पण मोडकी स्की ओढत येणाऱ्या पोराकडून तिची वसुली करायची नसते, हेही तितकेच खरे.