परसातल्या पेरूला मोठी फळं का येत नाहीत?

तुमच्या परसात पेरूचं झाड असेल तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. फांद्या फळांनी वाकलेल्या. येणारा-जाणारा म्हणतो, "काय लागलंय हो झाड यंदा!" आणि तोडून हातात घ्यावं तर एकेक पेरू लिंबाएवढा. आत बियाच बिया, गर नावापुरता. मग आपण शेणखत टाकतो, पाणी वाढवतो. फळ तेवढंच राहतं.

असं का होतं? फळाचं अन्न पानांत तयार होतं. उन्हात पानं साखर बनवतात आणि ती देठावाटे फळात उतरते. फांदीवर पानं जेवढी, तेवढीच रोजची साखर. एका पातेल्यातला भात दोघांना पोटभर पुरतो, आठ जण बसले तर प्रत्येकाच्या ताटात घासभरच येतो. तसंच हे आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती वेळेची. फळ धरल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यातल्या पेशींची संख्या वाढते. पुढे त्याच पेशी फुगत जातात. पेशीच कमी असतील तर नंतर कितीही पाणी घाला, फळ फुगून फुगून किती फुगणार?

म्हणून उपाय एकच, विरळणी. म्हणजे फळं बोराएवढी असतानाच त्यातली बरीचशी काढून टाकायची. हिमाचलात पीचच्या (तिकडे त्याला आडू म्हणतात) बागांतही हेच करतात. फांदीवर साधारण वीतभर अंतरावर एक फळ ठेवतात, मधली खुडतात. पेरूला आधी आपोआप होणारी गळती संपू द्या. मग वेडीवाकडी, डागाळलेली, किडलेली फळं काढा. जोडीनं किंवा तिघं मिळून लागली असतील तर एकच ठेवा. एका नव्या फुटीवर एक, फार तर दोन फळं पुरेत.

इथेच सगळ्यांचा हात अडतो. मी पहिल्यांदा फळं खुडायला लागलो तेव्हा आजी अंगणातून ओरडली, "अरे, लागलेलं फळ कुणी तोडतं का?" तिला समजावणं मला जमलं नाही. म्हणून दोन सारख्या जाडीच्या फांद्या निवडल्या. एकीची विरळणी केली, दुसरीला हातही लावला नाही. तुम्हीही आधी असंच करून बघा. एक मात्र खरं, विरळलेल्या फांदीवरच्या फळांचं एकूण वजन थोडं कमी भरतं. जेलीच करायची असेल तर लहान फळंही चालतात.

परसातल्या झाडाची अजून एक अडचण म्हणजे मोरीचं पाणी. ते बारा महिने मुळाशी जातं, झाडाला विश्रांतीच मिळत नाही आणि वर्षभर थोडी थोडी फळं येत राहतात. फेब्रुवारी-मार्चच्या फुलांची फळं ऐन पावसात पिकतात. ती पाणचट लागतात आणि फळमाशीमुळे त्यात अळ्या पडतात. त्यापेक्षा मृग बहार धरा. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडायचं, मोरीचा पाट दुसरीकडे वळवायचा, पाऊस सुरू होताना कुजलेलं शेणखत घालायचं. जून-जुलैच्या फुलांची फळं थंडीत हाताला येतात आणि चवीला ती सगळ्यात गोड.

छाटणीही विसरू नका. पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. तोडणी झाली की फांद्यांचे शेंडे छाटा, आतली दाटी कमी करा म्हणजे ऊन आत शिरेल. नाहीतर झाड उंच जातं आणि वरचे पेरू पोपटांचे!

आता जातीबद्दल. बारक्या गावठी पेरूला एवढं सगळं करून तो नारळाएवढा होणार नाही. नवीन रोप लावणार असाल तर सरदार, म्हणजेच लखनौ-४९, शोधा. नावात लखनौ असलं तरी ही जात आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडीच्या संशोधन केंद्रात 1927 साली निवडली गेली. रोप कलमी घ्या. बी लावलं तर आईसारखंच झाड येईल याची खात्री नाही.

आमच्या त्या फांदीवरचा पहिला पेरू पिकला तेव्हा आजीनं तो तळहातावर तोलला, चार फोडी केल्या, तिखटमीठ लावून सगळ्यांना वाटल्या. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तिनंच मला विचारलं, "यंदा खुडायची कधी?"