महागडी गोळी म्हणजे जास्त गुणकारी गोळी नव्हे

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची लहान ग्रंथी. तिचा कॅन्सर हाडांपर्यंत पसरला की उपचार दीर्घकाळ चालतो आणि घर कर्जात बुडते. दागिने गहाण टाकण्याआधी या औषधांचा बाजार समजून घ्या.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो. म्हणून इंजेक्शनने किंवा शस्त्रक्रियेने ते हार्मोन कमी करतात. त्याच्या जोडीला गोळ्या देतात. अबिराटेरॉन हार्मोन तयार होण्याची वाट बंद करते. एन्झाल्युटामाइड त्या हार्मोनला कॅन्सरच्या पेशीत काम करू देत नाही. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २०११ आणि २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे अपाल्युटामाइड आणि डॅरोल्युटामाइड आल्या.

एकच कंपनी औषध विकते तेव्हा भाव तीच ठरवते. एन्झाल्युटामाइडच्या पेटंटचा अर्ज भारताच्या पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये फेटाळला. आज या दोन्ही गोळ्या अनेक भारतीय कंपन्या बनवतात. चढाओढीमुळे भाव उतरतो, पण छापील किंमत आणि प्रत्यक्ष भाव यांत मोठा फरक असू शकतो. विचारणाऱ्यालाच तो फायदा मिळतो.

जुनी गोळी म्हणजे कमी दर्जाची, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अबिराटेरॉनला २०१९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

मात्र निवड केवळ भावावर होत नाही. अबिराटेरॉनसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागते. बीपी, शुगर, पोटॅशियम आणि लिव्हर तपासत राहावे लागते. एन्झाल्युटामाइडने थकवा येतो, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ओलापारिब ही गोळी ठरावीक जनुकदोष असलेल्यांनाच उपयोगी पडते. त्यामुळे आधी जनुक तपासणी, मग खरेदी.

अबिराटेरॉन साधारणपणे उपाशीपोटी घेतात. जेवणासोबत घेतल्यास ती रक्तात कितीतरी जास्त उतरते. म्हणून पैसे वाचवण्यासाठी डोस किंवा वेळ स्वतःहून बदलू नका.

हे जरूर करा :
• चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा.
• याच औषधाची स्वस्त कंपनी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.
• दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पक्के बिल घ्या.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

भाव विचारण्यात कमीपणा नाही. पैशांअभावी गोळी मध्येच बंद पडण्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचारलेले बरे.