जुने चाहते, नवे प्रेक्षक

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. ती बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरे वर्ष मिळवले. अशा निष्ठावंतांना न दुखावता नवा प्रेक्षक आणायचा कसा, हा पेच २००९च्या चित्रपटापुढे होता.

त्यात भविष्यातून आलेल्या यानामुळे काळाला वेगळा फाटा फुटतो. त्यामुळे जुन्या कथा खोट्या ठरत नाहीत, आणि नवख्याला त्या ठाऊक नसल्या तरी अडत नाही. वृद्ध स्पॉकच्या भूमिकेत मूळ नट लिओनार्ड निमॉयच होते.

बँकेत आम्ही हेच शिकलो: नवी खाती उघडताना जुन्या खातेदाराला ताटकळत ठेवू नये. मंडळात नातवंडे यावीत असे वाटत असेल, तर आपणही हे ध्यानात ठेवू या.