पंखा बंद करण्यापूर्वीं

संस्कृतांत खिडकीला 'वातायन' असें एक सुंदर नांव आहे. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे मार्ग; वाऱ्याच्या जाण्यायेण्याचा मार्ग तें वातायन. आमच्या जुन्या वाड्यांतून हा मार्ग घर बांधतांनाच ठेवलेला असे. मधला चौक उघडा, भिंतींना झरोके, स्वयंपाकघराच्या छपराला धुराडें. ऊन हवा वर चढे, तिच्या जागीं गार हवा खालून येई, आणि हें सारें काम मुकाट्यानें चाले. हल्लीं आपणांपैकीं पुष्कळजण सदनिकांत राहतात. तेथें चौक नाहीं, धुराडें नाहीं, आणि न्हाणीघराची खिडकी बहुधा एका अरुंद, अंधाऱ्या पोकळींत उघडते. म्हणून जें काम पूर्वीं वारा आपण होऊन करी, तें आतां यंत्राकडून करवून घ्यावें लागतें; स्वयंपाकघरांत चिमणी आणि न्हाणीघरांत एक्झॉस्ट फॅन. यंत्र आलें, आणि त्याच्या मागोमाग आवाजही आला.

या आवाजाकडे पाहण्याची माझी दृष्टि एका सकाळीं बदलली. स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलापाशीं बसून कांहीं वाचावें, ही माझी निवृत्तीनंतरची संवय. चिमणीची घरघर सुरू झाली कीं लक्ष लागत नसे. मग 'सूनबाई, तेवढें बंद कर पाहूं' असें मी म्हणे आणि ती कांहीं न बोलतां बटण दाबी. एके दिवशीं मिरचीची फोडणी पडली. ठसका लागतांच मी पुस्तक उचलून बाहेर गॅलरींत गेलों. तेथून वळून पाहतों, तों सूनबाई तोंडाशीं पदर धरून खोकत आहे आणि खोकतां खोकतां कढईंतलें परतीत आहे. मला उठून जातां येत होतें. तिला येत नव्हतें. माझी शांतता तिच्या श्वासाच्या मोलानें विकत घेतलेली होती, हें ध्यानांत येऊन मी ओशाळलों. त्याच दिवशीं ठरविलें कीं, यापुढें पंखा बंद करावयाचा नाहीं. त्याचा आवाज कमी करावयाचा. त्या खटाटोपांत जें शिकलों, तें येथें मांडतों.

वैद्य औषधापूर्वीं निदान करतो, तसें येथेंही करावें. पंख्याच्या आवाजांत बहुधा तीन आवाज मिसळलेले असतात. पहिला यंत्राच्या शरीराचा, म्हणजे खडखड आणि थरथर. दुसरा विजेचा, म्हणजे मोटारीची एकसुरी गुणगुण. तिसरा खुद्द वाऱ्याचा, म्हणजे सूं सूं असा घोष. पंखा पूर्ण वेगानें चालूं द्यावा आणि एकदम बटण बंद करावें. जो आवाज तत्क्षणीं नाहींसा होतो तो विजेचा. जो पात्यांच्या वेगाबरोबर हळूहळू ओसरतो तो यंत्राचा किंवा वाऱ्याचा. पुन्हां पंखा सुरू करून बाहेरील पेटीवर तळहात घट्ट दाबून धरावा. आवाज दबला तर जोडणी कोठें तरी सैल आहे असें समजावें.

यंत्राच्या आवाजाचें पहिलें कारण मळ. तेलकट मळ सर्व पात्यांवर सारखा बसत नाहीं. त्यामुळें पात्यांचा तोल बिघडून पंखा थरथरतो. प्रथम वीज तोडावी, मग साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें पातीं पुसावीं. मोटारीला मात्र पाणी लागूं देऊं नये. चिमणीची पोलादी जाळी ऊन पाण्यांत धुण्याचा सोडा घालून भिजवावी. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरूं नये, ती काळी पडते. तिला साधा साबण पुरे. स्क्रू घट्ट करतांना चौकट आणि भिंत यांमध्यें रबराचे वॉशर घालावेत. पातळ भिंत ढोलकीच्या पुडीप्रमाणें थरथर पसरविते. रबर ती मध्येंच अडवितो. एवढें करूनही करकर राहिली तर बेअरिंग झिजलें असावें. बंद बेअरिंगांत तेल सोडून उपयोग नसतो, तें बदलावें.

विजेची गुणगुण पंखा मंद केल्यावर वाढत असेल, तर दोष पुष्कळदां रेग्युलेटरकडे असतो. कांहीं इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मध्येंच तोडतात आणि त्यामुळें मोटर गुणगुणते. कपॅसिटरच्या रेग्युलेटरांत हा त्रास कमी असतो. आपल्या पंख्याला कोणता चालेल, हें जाणत्या वायरमनला विचारून घ्यावें.

परंतु सर्वांत दुर्लक्षित आवाज वाऱ्याचा. आमच्या चिमणीचें तोंड ६ इंचांचें होतें आणि तिला पाइप जोडला होता ४ इंचांचा. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, हें मी वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. पण स्वतःच्या घरांत तें पाहिलें नाहीं! ३६ आणि १६ यांचें प्रमाण सव्वादोन पट. तितकीच हवा नेण्यास अरुंद पाइपांत वाऱ्याला सव्वादोन पट वेगानें धांवावें लागतें; मग तो ओरडेल नाहीं तर काय करील? त्यांतच पाइपाला तीन वळणें होतीं आणि मधला भाग झोळीसारखा लोंबत होता. पाइप तोंडाइतकाच रुंद असावा. वळणें थोडीं आणि गोलाईचीं असावींत. सुरकुत्यांचा लवचिक पाइप वापरावयाचा तर तो ताणून, आंखूड करून बसवावा. शिवाय जितकी हवा बाहेर जाते तितकी आंत आली पाहिजे. दारेंखिडक्या गच्च लावल्या कीं पंखा निष्फळ धडपडतो आणि दाराच्या फटींतून शीळ ऐकूं येते. एक खिडकी थोडी उघडतांच ती थांबते.

आतां वेगाचा हिशेब. आवाज डेसिबलांत मोजतात, आणि १० डेसिबल वाढले कीं कानाला तो सुमारें दुप्पट वाटतो. पंख्याची गति निम्मी केली तर हवा निम्मी जाते, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो, म्हणजे कानाला जवळजवळ एक तृतीयांशच वाटतो. म्हणून नवा पंखा घेतांना लहान पंखा जोरांत फिरविण्यापेक्षां मोठा पंखा सावकाश फिरविणें शहाणपणाचें. शांत झोपेसाठीं शयनगृहांतील सततचा आवाज ३० डेसिबलांच्या वर नसावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालच्या मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. आपल्या सरकारच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या पंख्याचें तोंड शेजाऱ्याच्या निजावयाच्या खोलीकडे वळलेलें नाहीं ना, हेंही पाहावें.

दोन गोष्टींविषयीं मात्र सावध राहावें. स्वयंपाकघराच्या पाइपाला आंतून कापूस, स्पंज असें मऊ अस्तर लावूं नये. त्यांत तेल मुरतें आणि आगीचें भय उत्पन्न होतें. आणि आवाज येतो किंवा वारा लागतो म्हणून न्हाणीघराचा झरोका कागदानें किंवा पुठ्ठ्यानें कधींही बुजवूं नये. आंत गॅसचा गीझर असेल तर बंद जागेंत कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला सावध होण्यास अवधीही देत नाहीं. गीझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागीं असणें हेंच उत्तम.

आमच्या घरीं पाइप बदलला, एकच वळण ठेविलें, वॉशर बसविले, आणि जाळी दर पंधरवड्यास धुण्याचें काम मी आपणाकडे घेतलें. चिमणी आतां मंद गतीवर चालते. तिचा आवाज दूरच्या पावसासारखा वाटतो आणि वाचनाच्या आड येत नाहीं. फोडणीच्या वेळीं ती पूर्ण वेगानें चालवावी लागते, तेव्हां घोष होतोच. तेवढीं पांच मिनिटें मी पुस्तक मिटून ठेवतों.